विनोदी लघुपटांची संध्याकाळ फसू नये म्हणून

मुंबईत लघुपटांचे कार्यक्रम बरेच होतात आणि त्यातले विनोदी कार्यक्रम जास्त फसतात. चित्रपट चांगले निवडलेले असतात, प्रेक्षकही आलेले असतात, पण हसू फुटत नाही. कारण शोधायला गेलं तर ते क्वचितच चित्रपटात सापडतं. सबटायटल अर्धा सेकंद आधी आलेलं असतं, संवाद विहिरीतून आल्यासारखे ऐकू येतात, दोन चित्रपटांच्या मध्ये लॅपटॉपचा डेस्कटॉप झळकतो, किंवा निवेदकाने गोष्टच आधी सांगून टाकलेली असते. गंभीर चित्रपट असल्या चुका निभावून नेतो. विनोदाला ती सवलत नाही.

हा लेख ८० ते २०० खुर्च्यांच्या सभागृहात, ८ ते १० परदेशी लघुपट दाखवू पाहणाऱ्या मंडळांसाठी, महाविद्यालयांसाठी आणि वाचनालयांसाठी आहे. हाताशी किमान १० आठवडे ठेवा. पायऱ्यांचा क्रम बदलू नका. विशेषतः तिसरी पायरी पूर्ण होईपर्यंत पोस्टर छापू नका.

## १. तारीख, वेळ, जागा

शनिवारची संध्याकाळ सर्वात सोयीची. रविवारी रेल्वेचा मेगाब्लॉक दिवसा असतो, पण त्याचे पडसाद संध्याकाळच्या गाड्यांवर उमटतात, आणि मुलुंडहून किंवा वसईहून येणारा माणूस मग बेतच रद्द करतो. कामाच्या दिवशी कार्यक्रम करायचा असेल तर फोर्ट, नरिमन पॉइंटला साडेसहा चालतं. दादरच्या पुढे सातच्या आत कोणी पोचत नाही. जून ते सप्टेंबर टाळता आलं तर टाळा. गणपतीचे दिवस आणि भारताचा क्रिकेट सामना हे दोन्ही आधी बघून घ्या.

जागा तीन प्रकारच्या मिळतात. एक, चित्रपटगृहाचा छोटा पडदा. इथे प्रक्षेपण उत्तम, पण बहुतेक ठिकाणी डीसीपीच (चित्रपटगृहाच्या सर्व्हरसाठी बनवलेली डिजिटल प्रत) लागते. दोन, यशवंतराव चव्हाण सेंटर किंवा रवींद्र नाट्यमंदिराचं मिनी थिएटर यांच्यासारखी सभागृहं. तीन, नाट्यगृह किंवा संस्थेचा हॉल. नाटकाच्या हॉलची अडचण पडद्याची नसते, आवाजाची असते: ध्वनियंत्रणा माइकसाठी लावलेली असते, चित्रपटासाठी नाही. त्यावर सातव्या पायरीत सविस्तर येईल.

गच्चीवर किंवा मैदानात करायचा मोह होतो. उघड्यावर हसू विरून जातं, शेजारच्या माणसाचं हसणं कानावर पडत नाही. शिवाय ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही आणि मार्च ते मे या काळात पडद्यावर नीट दिसण्याइतका अंधार पडायला साडेसात होतात. बंद हॉल घ्या.

तपासा: हॉल बुक करताना कार्यक्रमाच्या वेळेखेरीज आधीचे किमान अडीच तास लेखी मागून घ्या. आधीच्या सत्रात दुसऱ्यांचं नाटक असेल तर तुम्हाला तालीम मिळणार नाही, आणि तालमीशिवाय हा कार्यक्रम करू नये.

आणखी एक. अपेक्षित प्रेक्षकांपेक्षा हॉल थोडा लहान घ्या. २०० खुर्च्यांत विखरून बसलेली ८० माणसं हसत नाहीत. ९० खुर्च्यांत दाटीने बसलेली तीच माणसं हसतात. मोठाच हॉल मिळाला तर बाल्कनी बंद ठेवा आणि मागच्या रांगांना दोरी बांधा.

## २. निवड

एकट्याने, लॅपटॉपवर, हेडफोन लावून निवडलेले विनोदी चित्रपट सभागृहात दगा देतात. एकट्या माणसाला हुशारी आवडते, गर्दीला प्रसंग आवडतो. म्हणून आधी ३०–४० चित्रपटांची यादी करा, दोघातिघांनी ती १८ वर आणा आणि मग ते १८ चित्रपट सहा-आठ जणांना एका खोलीत, टीव्हीवर, एकत्र दाखवा. त्यातले निम्मे तरी लघुपटांचे शौकीन नसलेले असावेत. हातात कागद घेऊन हसू नेमकं कितव्या मिनिटाला आलं ते टिपा. "आवडला का?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. कागदच खरं सांगतो.

यादी कुठून करायची? फ्रान्समधला क्लेरमों-फेराँचा महोत्सव हा लघुपटांचा जगातला सर्वात मोठा मेळा, दरवर्षी हिवाळ्यात भरतो; त्याच्या मागच्या चार-पाच वर्षांच्या याद्या चाळा. पॅरिसची लाजांस द्यु कूर मेत्राज, बर्लिनची इंटरफिल्म आणि हॅम्बुर्गची लघुपट संस्था यांच्याकडे वितरणासाठी असलेले संग्रह आहेत. आपल्याकडे १९९० पासून भरणाऱ्या मुंबई आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाच्या याद्याही उपयोगी पडतात. त्यात माहितीपट खूप असले तरी ॲनिमेशन विभागात विनोद सापडतो. काळा घोड्याच्या मॅक्स म्युलर भवनासारख्या सांस्कृतिक केंद्रांना पत्र लिहा. कधी चित्रपट मिळतो, कधी निदान दिग्दर्शकाचा पत्ता.

निवडताना तीन गाळण्या लावा.

पहिली गाळणी लांबीची. ऑस्करच्या नियमात लघुपट ४० मिनिटांपर्यंतचा असतो, पण अशा संध्याकाळी १८ मिनिटांच्या वरचा विनोदी चित्रपट जड जातो. ज्याची गंमत तिसऱ्या मिनिटाला कळते आणि जो चौदाव्या मिनिटापर्यंत तीच उगाळतो, तो कितीही पारितोषिकं मिळवलेला असो, वगळा.

दुसरी गाळणी शब्दांची. निम्मे चित्रपट संवादाशिवाय किंवा अगदी कमी संवादांचे हवेत. सलग तीन बडबडे चित्रपट लावले की प्रेक्षक पडदा पाहणं सोडून वाचनाला बसतो.

तिसरी गाळणी संदर्भाची. एखाद्या देशाच्या निवडणुकीवर किंवा टीव्ही मालिकेवर बेतलेला विनोद समजायला एका वाक्याची टीप पुरत असेल तर ठेवा. दोन वाक्यं लागली तर काढा.

मूकपटांच्या काळातला एखादा प्रहसनपट घ्यावा, असं बहुतेकांना वाटतं, आणि घ्यावाच. मूकपटांचा विनोदवीर बस्टर कीटन याच्यासमोर आजही हॉल उसळतो. पण तो फुकटचा समजू नका. भारतात चित्रपटाचा कॉपीराइट प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षांनी संपतो, म्हणून १९२० च्या सुमाराचं मूळ चित्र मोकळं असतं. मात्र तुम्ही इंटरनेटवरून उतरवलेल्या प्रतीवर नव्याने बसवलेलं पार्श्वसंगीत असतं आणि त्याचे हक्क जिवंत असतात. एकतर त्या संगीताची परवानगी घ्या, नाहीतर आवाज बंद करून पेटी-तबल्यावर कोणी जाणकार बसवा. दुसरा पर्याय जमला तर सगळ्या संध्याकाळीतला तोच लोकांच्या लक्षात राहील.

## ३. हक्क आणि परवानग्या

इथे सर्वाधिक गफलती होतात, आणि बहुतेक एकाच समजातून: "तिकीट नाही, मग परवानगी कशाला?" प्रवेश मोफत असला तरी प्रदर्शन सार्वजनिकच. यूट्यूबवर चित्रपट उघड दिसतो याचा अर्थ घरी पाहायची मुभा आहे. सभागृहात दाखवायची नाही. ओटीटीच्या वर्गणीचंही तेच.

प्रत्येक चित्रपटासाठी हक्कधारकाला वेगळं ईमेल पाठवा. हक्कधारक म्हणजे दिग्दर्शकच असं नाही. अनेकदा निर्मिती संस्था किंवा वितरक असतो. ईमेलमध्ये हे सगळं पहिल्याच वेळी लिहा: तारीख, शहर, सभागृह, खुर्च्यांची संख्या, प्रदर्शनांची संख्या (एक), तिकीट आहे का आणि किती, मराठी सबटायटल करायची परवानगी, आणि जाहिरातीत एखादं छायाचित्र वापरायची परवानगी. सबटायटलचं वेगळं विचारावं लागतं. प्रदर्शनाच्या होकारात ते धरलेलं नसतं.

नवोदित दिग्दर्शक बऱ्याचदा फुकट देतात, वितरक शुल्क सांगतात. शुल्क परदेशी चलनात जाणार असेल तर कार्यक्रमाच्या चार आठवडे आधी सीएशी बोला. परदेशी हक्कशुल्कावर करकपातीचा प्रश्न येतो, बँक फॉर्म मागते, आणि तिचं स्वतःचं शुल्क वेगळं. ऐनवेळी पैसे पोचले नाहीत म्हणून फाइल न आल्याचे प्रकार नेहमीचे आहेत.

आता सेन्सॉरचं. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ प्रमाणे सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतं. परदेशी लघुपटांना ते सहसा नसतं. दहा लघुपटांसाठी दहा प्रमाणपत्रं काढणं छोट्या मंडळाला झेपत नाही, म्हणून दोन मार्ग उरतात. महोत्सवाच्या स्वरूपात करत असाल तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे सवलतीचा अर्ज. त्यासाठी यादी, कथासार, देश, लांबी आणि आधी चित्रपट पाहणाऱ्या समितीचं मत असे कागद तयार ठेवा. दुसरा, आणि आमच्या मते शहाणपणाचा, मार्ग म्हणजे नोंदणीकृत फिल्म सोसायटीबरोबर सदस्यांसाठी कार्यक्रम करणं. मुंबईत प्रभात चित्र मंडळ १९६८ पासून काम करतं आहे. अशा संस्थांना ही कागदपत्रं पाठ असतात. दोन्ही मार्गांत प्रेक्षक नोंदणी केलेलेच हवेत, रस्त्यावरून कोणीही आत येईल अशी रचना चालत नाही.

मध्यंतरात गाणी वाजवणार असाल तर त्याचा परवाना वेगळा. सरळ शांतता ठेवा. लोकांना बोलायचंच असतं.

सावध: "हो, दाखवा" असा व्हॉट्सॲपवरचा होकार पुरेसा नाही. ईमेलवर, चित्रपटाच्या नावासकट आणि तारखेसकट घ्या आणि दहाही होकार एका फोल्डरमध्ये ठेवा. हॉलचे व्यवस्थापक ऐनवेळी विचारतात.

## ४. फाइल मागवणं

होकार आला की त्याच दिवशी तांत्रिक मागणी पाठवा. प्रेक्षकांना दाखवायची फाइल आणि परीक्षणासाठी पाठवलेली लिंक या वेगळ्या गोष्टी आहेत. लिंकवरच्या प्रतीवर बऱ्याचदा मध्यभागी नाव छापलेलं असतं, आणि ते हॉलमध्ये कळलं तर उशीर झालेला असतो.

लॅपटॉपवरून दाखवणार असाल तर मागा: १९२० गुणिले १०८०, एच.२६४ एमपी४ किंवा प्रोरेस, मूळ फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (बदलू नका असं स्पष्ट लिहा), स्टिरिओ आवाज, चित्रावर कोरलेली सबटायटल नसलेली स्वच्छ प्रत, आणि सोबत इंग्रजी सबटायटलची वेगळी एसआरटी फाइल (नुसता मजकूर आणि त्याच्या वेळा असलेली). "स्टिरिओ" हा शब्द अधोरेखित करा. ५.१ म्हणजे सहा वाहिन्यांच्या आवाजात संवाद मधल्या वाहिनीत असतात. हॉलमध्ये दोनच वाहिन्या जोडलेल्या असल्या आणि प्लेअरने मधली वाहिनी नीट मिसळली नाही, तर संगीत दणदणीत वाजतं आणि माणसं नुसती ओठ हलवतात.

चित्रपटगृहात डीसीपी लागत असेल तर हार्ड डिस्क किमान तीन दिवस आधी पोचवा. सर्व्हरवर उतरवायला आणि तपासायला वेळ जातो. लघुपट सहसा कुलूपबंद नसतात. असलाच तर त्याची किल्ली ठरावीक सर्व्हरसाठी आणि ठरावीक वेळेपुरती असते. किल्लीवरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहिलेली असू शकते, आपली वेळ तिच्यापुढे साडेपाच तास. हा हिशेब चुकला तर पडदा काळाच राहतो.

तपासा: फाइल आली की ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत, न पळवता पाहा. अर्धवट उतरलेली फाइल पहिली सात मिनिटं छान चालते.

## ५. सबटायटल

विनोदी चित्रपटाची सबटायटल वेळेवर तोलायची असतात, आणि या एका पायरीवर तुमचे दोन आठवडे जायला हरकत नाही. उदाहरण घ्या. पडद्यावर डॉक्टर म्हणतो, "रिपोर्ट उत्तम आलाय." रोगी सुस्कारा सोडतो. दोन सेकंद जातात. डॉक्टर कागद उलटून बघतो: "तुमच्या शेजाऱ्याचा."

घाईत सबटायटल करणारा दोन्ही वाक्यं एकाच पाटीत, म्हणजे एका वेळी दिसणाऱ्या मजकुरात, टाकतो, कारण दोन्ही लहान आहेत. प्रेक्षक वाचून मोकळा होतो, नटाच्या आधी हसतो, आणि नट बोलतो तेव्हा हॉल शांत असतो. बरोबर मांडणी अशी: पहिली पाटी डॉक्टरच्या पहिल्या शब्दाबरोबर येते आणि सुस्काऱ्याच्या आधी जाते. मधले दोन सेकंद पडदा कोरा. दुसरी पाटी "तुमच्या" या शब्दाबरोबर, एक फ्रेमही आधी नाही. शक्य असेल तर ज्या शब्दावर विनोद फुटतो तो पाटीच्या शेवटी आणा; मराठीत शब्दांचा क्रम लवचीक असल्याने हे बहुतेकदा जमतं.

बाकीचे आकडे असे. एका पाटीत जास्तीत जास्त दोन ओळी, ओळीत ३५ अक्षरांच्या आसपास. वाचनाचा वेग सेकंदाला १२ ते १५ अक्षरं धरा. त्याहून दाट झालं तर मजकूर कापा, वेळ वाढवू नका. पाटी किमान एक सेकंद, फार तर सहा सेकंद. जिथे मोठं हसू अपेक्षित आहे तिथून पुढचं वाक्य अर्धं तरी हसण्यात बुडणार. ते वाक्य पुढच्या गोष्टीसाठी महत्त्वाचं असेल तर त्याची पाटी थोडी जास्त रेंगाळू द्या. सगळी बडबड लिहू नका. "हॅलो", "हो हो", "अरे" हे कानाला कळतं.

इंग्रजी एसआरटीवरून मराठी करताना मूळ भाषा जाणणारा एक माणूस मिळवाच. फ्रेंच किंवा जर्मन शिकलेली मुलं मुंबईत भरपूर आहेत. इंग्रजी सबटायटल करणाऱ्याने आधीच काही विनोद सोडून दिलेले असतात. ते मूळ ऐकणाऱ्यालाच कळतात.

मग तांत्रिक बाजू. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतातच साठवा, नाहीतर देवनागरीच्या जागी भलतीच चिन्हं येतात. व्हीएलसी या प्लेअरवर जोडाक्षरं फुटतात का ते हॉलच्याच लॅपटॉपवर बघा. नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट बसवून घ्या. सर्वात निश्चिंत मार्ग म्हणजे सबटायटल चित्रावर कोरून नवी फाइल काढणं. परवानगी घेतलेली असेल तर तेच करा.

सावध: २५ फ्रेमच्या प्रतीसाठी केलेली सबटायटल २४ फ्रेमच्या प्रतीवर लावली तर सुरुवातीला सगळं ठीक दिसतं. १५ मिनिटांच्या चित्रपटाच्या शेवटी ती ३६ सेकंद पुढे धावत असतात. म्हणून प्रत्येक चित्रपटात पहिली पाटी आणि शेवटची पाटी, दोन्ही जुळवून पाहा.

## ६. क्रम

सर्वात हसरा चित्रपट पहिला लावायचा नाही. पहिल्या पाच मिनिटांत लोक येत असतात, मोबाइल बंद करत असतात, आणि कोणी मोठ्याने हसायला तयार नसतं. सर्वात शेवटीही नको. तोपर्यंत थकवा आलेला असतो आणि ठाण्याची गाडी आठवत असते. त्याची जागा शेवटून दुसरी.

एक चालणारी रचना मिनिटांसकट:

पूर्वार्ध. ४ मिनिटांचा, संवाद नसलेला, अंगविक्षेपांचा. मग ९ मिनिटांचा संवादी. १२ मिनिटांचा, थंड चेहऱ्याचा विनोद असलेला. ३ मिनिटांचं ॲनिमेशन. शेवटी १५ मिनिटांचा, गोष्ट असलेला. एकूण ४३.

उत्तरार्ध. मध्यंतरानंतर २ मिनिटांचा झटका, म्हणजे उशिरा आत येणाऱ्यांचं काही बुडत नाही. ११ मिनिटांचा संवादी. ७ मिनिटांचा मूक. १८ मिनिटांचा, संध्याकाळीतला सर्वात दमदार. शेवटी ५ मिनिटांचा हलका, गोड. पुन्हा ४३.

एकूण ८६ मिनिटं चित्रपट, ५ मिनिटं निवेदन, १५ मिनिटं मध्यंतर, ३ मिनिटं मधल्या जागा. साडेसहा जाहीर करून सहा चाळीसला सुरू केलं तर साडेआठला लोक बाहेर. याहून लांबवू नका.

काळा विनोद, म्हणजे मृत्यू, आजारपण, क्रौर्य यावर हसवणारा चित्रपट, पूर्वार्धाच्या मध्यावर येऊ द्या. पहिला लावला तर प्रेक्षक सावध होतो आणि पुढच्या दोन चित्रपटांवर हसायचं की नाही हे ठरवत बसतो. एकाच देशाचे दोन सलग नकोत, आणि एकाच युक्तीचे दोन तर अजिबातच नकोत. शेवटच्या क्षणी कलाटणी असलेले दोन चित्रपट लागोपाठ आले की दुसऱ्याची कलाटणी प्रेक्षक आधीच ओळखतो.

## ७. आवाज आणि जोडणी

दहा फाइल्स दहा पातळ्यांवर ध्वनिमुद्रित असतात. युरोपीय टीव्हीच्या मानकाने केलेली फाइल उणे २३ एलयूएफएसला (आवाजाच्या सरासरी जोराचं माप) असते, इंटरनेटसाठी केलेली उणे १४ च्या आसपास. हा ९ डेसिबलचा फरक हॉलमध्ये किंचाळण्याइतका जाणवतो. मग ऑपरेटर प्रत्येक चित्रपटाच्या सुरुवातीला बटण फिरवत बसतो आणि पहिला विनोद वाया जातो.

सॉफ्टवेअरने सगळ्या फाइल्स एकाच सरासरीवर आणणं हा उपाय अर्धाच आहे. शांत मूकपटाची सरासरी वर ओढली की त्यातला चमचा पडल्याचा आवाज तोफेसारखा होतो. त्याऐवजी प्रत्येक चित्रपटातला साध्या बोलण्याचा एक प्रसंग काढा, ते दहा तुकडे एकामागून एक ऐका आणि बोलणं सारखं वाटेल अशी पातळी लावा. मूकपट त्यांच्या तुलनेत कानाने बसवा. दाविंची रिझॉल्व्ह या संपादनाच्या सॉफ्टवेअरच्या मोफत आवृत्तीत हे होतं.

सगळं जोडून एकच लांब फाइल करायची की सुट्या ठेवायच्या? चित्रपट २४, २५ आणि ३० फ्रेमचे मिसळलेले असतील तर एका फाइलमध्ये कोंबल्यावर हालचाल अडखळते, आणि आपटण्या-धडपडण्याच्या विनोदात ते लगेच दिसतं. सुट्या फाइल्स, मध्ये ८ सेकंदांची काळी क्लिप, अशी प्लेलिस्ट करा. एकसंध फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर राखीव ठेवा. फाइलची नावं इंग्रजी अक्षरांत, ०१, ०२ अशा आकड्यांनी सुरू होणारी असावीत.

श्रेयनामावली कापू नका. हक्कधारकाला ते चालत नाही, आणि प्रेक्षकालाही दम खायला तेवढा वेळ लागतो.

हॉलमधली एक चूक इतकी सर्रास होते की ती वेगळी सांगायला हवी. लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून एक वायर काढतात आणि ती मिक्सरच्या माइकच्या एका इनपुटला लावतात. ते इनपुट बॅलन्स्ड (दोन तारांमधल्या संकेतांचा फरक घेणारं) असेल तर डाव्या-उजव्या वाहिनीत जे सारखं आहे ते एकमेकांना खाऊन टाकतं. संवाद दोन्हीकडे सारखे असतात, म्हणून संवादच गायब होतात आणि संगीताची पोकळ गुणगुण उरते. लोक फाइलला दोष देतात. उपाय साधा आहे: दोन टोकांची वायर घेऊन डावी-उजवी दोन वेगळ्या चॅनेलना लावा, किंवा मध्ये डीआय बॉक्स (आवाज मिक्सरला चालेल असा करून देणारी डबी) घाला. चार्जर लावल्यावर घुंई आवाज येत असेल तर त्यालाही तोच डीआय बॉक्स, ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून.

## ८. हॉलमधली तालीम

त्याच दिवशी, दारं उघडण्याच्या अडीच तास आधी, याच क्रमाने:

१. पडदा आणि प्रोजेक्टर. ४ मीटर रुंद पडदा आणि खरोखर अंधारा हॉल असेल तर ४००० ल्युमेन पुरतात. इको मोड बंद करा. चित्र तिरकं असेल तर कीस्टोनने (प्रोजेक्टरमधली चित्र सरळ करायची सोय) ओढू नका, प्रोजेक्टर हलवा.

२. वायर. एचडीएमआय १० मीटरच्या पुढे गेली की साधी वायर दगा देते. मध्येच दोन सेकंद पडदा निळा होतो. लांब अंतराला ऑप्टिकल एचडीएमआय मागवा.

३. लॅपटॉप. पडदा "एक्स्टेंड" वर, "डुप्लिकेट" वर नाही. वायफाय बंद, सूचना बंद, स्क्रीनसेव्हर आणि झोप बंद, वॉलपेपर काळा. व्हीएलसीत चित्रपट सुरू होताना नाव झळकण्याची सोय बंद करा; शेवटच्या विनोदाचा पत्ता फाइलच्या नावातून फुटल्याचे दाखले आहेत.

४. ओठ आणि आवाज. प्रोजेक्टर चित्र थोडं उशिरा दाखवतो. टाळी किंवा दार आपटण्याचा प्रसंग लावा. आवाज आधी येत असेल तर व्हीएलसीत "जे" आणि "के" या कळांनी ५०-५० मिलिसेकंदांनी सरकवा.

५. पातळी. शेवटच्या रांगेच्या कोपऱ्यात बसून ऐका. मग रिकाम्या हॉलमध्ये बरोबर वाटतं त्यापेक्षा २–३ डेसिबल वर ठेवा. माणसं भरली की ती आवाज शोषतात आणि हसतानाही ऐकू यायला हवं असतं.

६. प्रत्येक चित्रपटाची पहिली ३० आणि शेवटची ३० सेकंदं, मधल्या काळ्या क्लिपसकट.

पंखे आणि एसी तालमीतही चालू ठेवा. जुन्या सभागृहातला पंख्यांचा घरघराट हा एक वेगळाच वाद्यवृंद असतो.

तपासा: सबटायटलच्या खालची ओळ पहिल्या तीन रांगांतल्या डोक्यांआड जात नाही ना? जात असेल तर पाट्या वर घ्या किंवा पहिली रांग रिकामी ठेवा.

## ९. प्रत्यक्ष संध्याकाळ

निवेदकाला पाच मिनिटं, त्यातली तीन सुरुवातीला. गोष्ट सांगायची नाही. "पोट धरून हसाल" म्हणायचं नाही. तसं म्हटलं की प्रेक्षक हाताची घडी घालून बसतो. देश, वर्ष, भाषा, आणि लागलीच तर संदर्भाची एक ओळ. प्रत्येक चित्रपटाआधी निवेदन नकोच. पत्रकावर क्रमाने यादी द्या, कथासार छापू नका.

लोकांना पुढून भरा. स्वयंसेवक दारात नको, हॉलच्या मध्यावर उभा हवा, हाताने जागा दाखवत. "कुठेही बसा" म्हटलं की मुंबईकर कडेची खुर्ची धरतो.

दिवे पूर्ण मालवा. अंधारात लोक मोकळे हसतात. दोन चित्रपटांच्या मध्ये दिवे लावायचे नाहीत, मंदही नाहीत, फक्त मध्यंतराला. बाहेर पडायच्या दारांवरचे दिवे मात्र चालू राहतील याकडे बघा. उशिरा येणाऱ्यांना काळ्या क्लिपच्या वेळीच आत सोडा.

ऑपरेटरशेजारी तुमचा एक माणूस हवा, चित्रपट पाठ असलेला. त्याचं काम दोनच: आवाजाच्या बटणावर हात, आणि काही बिघडलं तर निर्णय. चित्रपट अडकला तर ३० सेकंद प्रयत्न करा, मग पुढचा लावा आणि अडकलेला मध्यंतरानंतर घ्या. मध्येच पाच मिनिटं मागे नेऊन पुन्हा दाखवू नका. ऐकलेल्या विनोदावर कोणी दुसऱ्यांदा हसत नाही.

वडा-चहा हॉलच्या बाहेरच. आत पिशव्यांचा कुरकुराट नेमका शांत जागी होतो, आणि विनोदात शांत जागा फुकट ठेवलेली नसते.

## १०. नंतर

दुसऱ्या दिवशी हक्कधारकांना उपस्थितीचा आकडा आणि एक छायाचित्र पाठवा. हसू कितव्या मिनिटाला आलं ते टिपलं असेल तर तेही कळवा. दिग्दर्शकांना पारितोषिकापेक्षा हे जास्त हवं असतं, आणि पुढच्या वर्षी त्यांचा नवा चित्रपट न मागता येतो. शुल्क बाकी असेल तर त्याच आठवड्यात. दोन्ही लॅपटॉप, पेनड्राइव्ह आणि हॉलच्या संगणकावर उतरवलेल्या सगळ्या प्रती पुसा आणि तसं ईमेलने कळवा. हॉलच्या संगणकावरची प्रत हमखास राहून जाते.